सरकारी आरोग्यसेवा नेमकी कुठे अडते? विकसनशील देशांतलं व्यवस्थापन

आडवाट (धागाकर्ती)

विकसनशील देशांतल्या सरकारी आरोग्यसेवेचा विषय निघाला की चर्चा दोन मुद्द्यांवर येऊन थांबते: पैसा नाही आणि डॉक्टर नाहीत. दोन्ही खरंच आहे. पण आहे त्या पैशांत आणि आहे त्या माणसांत जेवढी सेवा व्हायला हवी तेवढीही होत नाही, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. म्हणून हा धागा.

२०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने मांडलेला एक अंदाज मला अजून अस्वस्थ करतो. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, ज्यांवर उपचार आहेत अशा आजारांनी वर्षाला ८० लाखांहून जास्त माणसं जातात. त्यांतली सुमारे ५० लाख माणसं आरोग्यसेवेपर्यंत पोचलेली असतात, पण मिळालेले उपचार धड नसतात. न पोचलेल्यांपेक्षा पोचून दगावलेल्यांचा आकडा मोठा आहे.

माझं म्हणणं असं आहे. जो आरोग्य केंद्र किंवा जिल्हा चालवतो त्याच्या हातात तीन गोष्टी एकत्र हव्यात: आपल्या भागातली माणसं कशाने मरतात याची माहिती, थोडा मोकळा पैसा, आणि तो पैसा वळवायचा अधिकार. बहुतेक देशांत या तिन्ही गोष्टी तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांत असतात आणि जबाबदारी तेवढी केंद्रावर असते.

टांझानियाचं उदाहरण देते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या आरोग्य मंत्रालयाने कॅनडाच्या मदतीने रुफिजी आणि मोरोगोरो या दोन जिल्ह्यांत एक प्रयोग केला. घरोघर फिरून जन्ममृत्यूच्या नोंदी घेतल्या, आणि जिथे डॉक्टरचा दाखला नाही तिथे नातेवाइकांना लक्षणं विचारून मृत्यूचं कारण ठरवलं. मग ही यादी जिल्ह्याच्या अंदाजपत्रकाशेजारी ठेवली. मोरोगोरोत अकाली मृत्यूंमुळे वाया जाणाऱ्या आयुष्याच्या वर्षांपैकी ३० टक्के एकट्या मलेरियामुळे जात होती, आणि मलेरियावर खर्च होत होता अंदाजपत्रकाच्या ५ टक्के. हे तिथल्या अधिकाऱ्यांना आधी दिसलंच नव्हतं, कारण दोन्ही आकडे एका कागदावर कधी आलेच नव्हते.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जिल्ह्याला वरून थोडासा जादा निधी मिळाला, माणशी दोन डॉलरपर्यंत देऊ केला होता आणि प्रत्यक्षात एक डॉलरसुद्धा लागला नाही. पण तो कुठे घालायचा हे जिल्ह्याने ठरवलं. मच्छरदाण्या, आजारी बालकांच्या उपचारांचं एकत्रित प्रशिक्षण, औषधं. पर्यवेक्षणही बदललं. आधी जिल्ह्याच्या पथकाने प्रत्येक छोट्या दवाखान्यात जायचं असा नियम होता, आणि गाडी व इंधनाअभावी कुणीच कुठे जात नव्हतं. नव्या पद्धतीत मोठ्या केंद्राने आजूबाजूच्या चार-सहा छोट्या दवाखान्यांकडे बघायचं ठरलं, त्यासाठी त्यांना रेडिओ आणि मोटरसायकली दिल्या. पुढच्या पाचेक वर्षांत दोन्ही जिल्ह्यांत बालमृत्यू ४० टक्क्यांहून जास्त घटले.

यात नवं औषध नाही की नवं रुग्णालय नाही. तुमचे अनुभव, आक्षेप, दुसऱ्या देशांची उदाहरणं, सगळं लिहा.

---

रोखठोक

धागा चांगला आहे, पण मूळ मुद्द्यालाच माझा आक्षेप आहे.

आफ्रिकी देशांनी २००१ साली अबुजात जाहीर केलं होतं की सरकारी खर्चाच्या १५ टक्के आरोग्यावर घालू. बहुतेकांनी तो आकडा गाठला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या अहवालात ५७ देशांची यादी दिली, जिथे दर हजार लोकांमागे डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी मिळून २.२८ सुद्धा नव्हते. अशा ठिकाणी कसलं व्यवस्थापन करणार? दोन परिचारिकांची पाळी कितीही हुशारीने लावली तरी रात्रीच्या बाळंतपणाला एकच बाई असणार.

मलावीने २००४ साली काय केलं ते बघा. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारावर ५२ टक्के भर घातली, प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्या. देश सोडून जाणारी माणसं त्यामुळे थोपली. तो पैशाचाच उपाय होता.

मला भीती वाटते ती अशी की 'व्यवस्थापन सुधारा' हे वाक्य अर्थखात्याला फार आवडतं. त्याच्या आड निधी नाकारणं सोपं जातं. कर्मचाऱ्यांवर खापर फोडायलाही ते बरं पडतं.

---

आडवाट

@रोखठोक, शेवटचा परिच्छेद अगदी मान्य. पैसा वाढायलाच हवा, त्यावर वाद नाही.

पण एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. ज्या खात्यांत तुटवडा सर्वांत जास्त तिथेच निधी अखर्चित राहतो. वर्षाची तरतूद कागदावर होते, पहिला हप्ता कित्येक महिन्यांनी सुटतो, शेवटचा हप्ता वर्ष संपता संपता येतो आणि मग तो 'संपवायचा' म्हणून फर्निचर आणि छपाईवर जातो. इंधनाच्या शीर्षाखाली पैसे संपलेले असतात, प्रशिक्षणाच्या शीर्षाखाली पडून असतात, आणि एका शीर्षातून दुसऱ्यात वळवायला राजधानीची सही लागते. तोवर लसीकरणाची गाडी उभी. हा पैसा असूनही नसल्यासारखा आहे. नवा पैसा याच नळीतून आला तर तोही याच वाटेने जाईल.

---

कोठीघर

औषधांच्या कोठीत माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा तेवढ्यापुरतंच लिहितो. थोडं लांबेल.

लोकांना वाटतं औषधं संपतात कारण खरेदी कमी होते. पुष्कळदा तसंच असतं. पण मागणीपत्र ज्या पद्धतीने भरलं जातं त्यातच एक सापळा आहे. समजा एका केंद्रात अमॉक्सिसिलिनच्या ३०० गोळ्या आल्या आणि दहा दिवसांत संपल्या. उरलेले वीस दिवस रुग्ण रिकाम्या हाताने परत गेले. महिनाअखेर अहवालात 'वापर: ३००' असं जातं. आकडा खोटा नाही. पण खरी गरज ९०० ची होती. वरचा माणूस ३०० बघून पुढच्या महिन्यालाही ३०० पाठवतो. म्हणजे तुटवड्यातून तुटवडा जन्माला येतो, आणि साखळीतल्या प्रत्येकाने आपलं काम नियमाप्रमाणे केलेलं असतं!

उपाय अवघड नाही. साठापत्रकावर औषध किती दिवस शून्यावर होतं ते लिहायचं. महिन्याचा वापर भागिले औषध उपलब्ध असलेले दिवस, गुणिले तीस. एवढा एक रकाना वाढवला की मागणीचा आकडा जमिनीवर येतो. शिवाय माल यायला किती दिवस लागतात ते धरून राखीव साठा ठेवायचा. ज्याची मुदत आधी संपते ते पुढच्या फळीवर, नंतरचं मागे. यासाठी संगणकही लागत नाही. पण कोठी सांभाळणारा माणूस शिकलेला आणि त्याच कामासाठी नेमलेला लागतो. बहुतेक छोट्या केंद्रांत हे काम ज्याचे हात मोकळे असतील त्याच्याकडे असतं.

एके काळी अनेक देशांत छोट्या केंद्रांना औषधांच्या ठरावीक पेट्या जायच्या, सगळ्यांना सारख्या. सुरुवातीला ते ठीक होतं, काहीच नसण्यापेक्षा बरं. पण जिथे मलेरिया फार तिथे मलेरियाची गोळी आठवड्यात संपे आणि दुसरं काहीतरी फळीवर मुदतबाह्य होई.

चांगलं उदाहरण म्हणून तामिळनाडूचं वैद्यकीय सेवा महामंडळ सांगेन. १९९५ पासून राज्यातल्या सरकारी दवाखान्यांची औषधखरेदी त्यांच्याकडे आली. दर एकत्र ठरतात, प्रत्येक खेपेचे नमुने प्रयोगशाळेत तपासून मगच माल बाहेर पडतो. आणि प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक. त्यात वर्षाची रक्कम जमा, आणि जसजसा माल उचलाल तशी वजा. काय आणि किती उचलायचं ते रुग्णालय ठरवतं. खरेदी एकवटलेली आणि निवड विखुरलेली, हे जमवणं फार कठीण असतं आणि तिथे ते जमलं.

---

मोजपट्टी

@कोठीघर, शून्य साठ्याच्या दिवसांचा मुद्दा प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्याने वाचायला हवा.

---

दूरदेशी

कोठीघर यांच्या लिहिण्याला एक जोड देतो, आणि धागाकर्तीच्या मुद्द्याला थोडी मुरडही.

झांबियात २००९-१० मध्ये औषधपुरवठ्याच्या दोन पद्धती शेजारीशेजारी चालवून बघितल्या. एकीत जिल्ह्याच्या कोठीत साठा ठेवून तिथून केंद्रांना वाटायचं. दुसरीत प्रत्येक केंद्राच्या मागणीप्रमाणे राजधानीतच वेगळी पेटी बांधायची, जिल्ह्याने ती फक्त पुढे पाठवायची. तुटवडा दुसऱ्या पद्धतीत बराच कमी झाला. म्हणजे जिल्ह्याच्या हातून साठा काढून घेतल्यावर काम सुधारलं.

तेव्हा 'सगळं खाली द्या' हे सरसकट लागू होत नाही. काय हवं ते केंद्राने सांगायचं, ते बरोबर. पण मधली प्रत्येक कोठी म्हणजे माल अडकायची, सडायची आणि गळायची आणखी एक जागा. विकेंद्रीकरण करताना कोणता निर्णय कोणाकडे हे एकेक करून ठरवावं लागतं.

---

आडवाट

मान्य, आणि चांगली दुरुस्ती आहे. मला निर्णयाचा अधिकार खाली हवा आहे, गोदाम खाली असायलाच हवं असं नाही.

---

निशिगंध

मी परिचारिका आहे. इथे सगळे देशांची उदाहरणं देत आहेत, मी रजिस्टरांबद्दल लिहिते.

आमच्याकडे एक बाई गरोदरपणाच्या तपासणीला आली की तिचं नाव गरोदर मातांच्या रजिस्टरात जातं. एचआयव्हीची चाचणी झाली की त्या कार्यक्रमाच्या वेगळ्या रजिस्टरात. मलेरियाची गोळी दिली, त्याचं वेगळं. लोहाच्या गोळ्यांचं वेगळं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, ते लसीकरणाच्या वहीत. प्रत्येक कार्यक्रमाला पैसे देणारा वेगळा, म्हणून अहवाल वेगळा, प्रशिक्षण वेगळं आणि तपासायला येणारा साहेबही वेगळा. बाई मात्र एकच आहे आणि लिहिणारी मीही एकच आहे. दुपारनंतरचा वेळ यातच जातो, आणि बाहेर बाकावर माणसं बसलेली असतात.

लिहायला माझी ना नाही. राग याचा येतो की वर गेलेला आकडा कधी परत येत नाही. महिनोन्महिने अहवाल पाठवायचे आणि उत्तर येतं ते फक्त 'अहवाल उशिरा आला' एवढंच.

एकदा एका पर्यवेक्षक बाईंनी बसून आमच्याच आकड्यांवरून एक साधा आलेख काढून दिला. पेंटाचा (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोस किती बाळांना, तिसरा किती. दोन रेघा. त्या दोन रेघांमधली जागा म्हणजे सुरू करून मध्येच सुटलेली बाळं. आम्ही तो भिंतीवर लावला. तेव्हा पहिल्यांदा कळलं की बाळं पहिल्या डोसला येतात, म्हणजे लोकांचा लसीला विरोध नाही. मग गळती का? शोधलं तर नदीपलीकडच्या दोन वस्त्या. पावसाळ्यात आमचं फिरतं सत्र तिकडे जातच नव्हतं. सत्राची जागा आणि दिवस बदलला. हे आम्ही स्वतः करू शकलो कारण त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती.

आणि बाकीचं पर्यवेक्षण कसं असतं? गाडी येते, रजिस्टरं पूर्ण आहेत का बघतात, भेटवहीत सही करतात, जातात. मी इंजेक्शन कसं देते, बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा आलेख भरते का, हात धुवायला नळाला पाणी आहे का, हे कोणी उभं राहून पाहत नाही.

---

मोजपट्टी

@निशिगंध, हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावून ठेवावा असा आहे.

माहितीप्रणालीत काम करतो. डीएचआयएस ही जिल्ह्याच्या आरोग्याचे आकडे ठेवणारी संगणकप्रणाली १९९०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली ती नेमक्या याच विचाराने, की आकडे गोळा करणाऱ्यानेच ते आधी वापरावेत. किमान आवश्यक तेवढेच आकडे मागायचे, हाही त्यांचा आग्रह होता. आज तिची दुसरी आवृत्ती ओस्लो विद्यापीठाच्या देखरेखीखाली कितीतरी देशांत चालते. पण अनेक ठिकाणी झालं असं की कागदी रजिस्टरं तशीच राहिली आणि वर टॅबलेट आला. काम दुप्पट. नवी प्रणाली आणताना जुनं काय बंद करणार हे लेखी ठरवल्याशिवाय ती आणू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट उद्दिष्टांची. आकड्याला शाबासकी किंवा शिक्षा जोडली की आकडा वाकतो. रवांडाने २००६ मध्ये कामगिरीनुसार केंद्रांना पैसे द्यायला सुरुवात केली. त्याचा नीट अभ्यास झाला. संस्थेतली बाळंतपणं २३ टक्क्यांनी वाढली, बालकांच्या प्रतिबंधक तपासण्याही वाढल्या. पण गरोदरपणातल्या चार तपासण्या पूर्ण होण्याचं प्रमाण हललं नाही. बाळंतपणासाठी मिळणारी रक्कम मोठी होती आणि कर्मचाऱ्याच्या प्रयत्नाने ते साधणारं होतं. चार तपासण्या बाईने लवकर यायला सुरुवात करण्यावर अवलंबून. शिवाय रवांडात आकडे पडताळायची यंत्रणा उभी केली होती. ती नसताना नुसती योजना उचलली तर पैसे कागदावरच्या बाळंतपणांना जातील.

---

शंकासूर

सगळं वाचतोय, फार शिकायला मिळतंय. पण एका गोष्टीला कोणी हात लावत नाही. कर्मचारी हजरच नसतील तर? आरोग्य केंद्रांना अचानक भेटी देऊन पाच देशांत केलेला एक अभ्यास २००६ साली आला होता. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा. सरासरी ३५ टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर नव्हते. याला यंत्रं बसवून हजेरी घेणं हाच उपाय नाही का?

---

दूरदेशी

ते करून झालंय. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात उपकेंद्रातल्या परिचारिकांची हजेरी वेळेची नोंद करणाऱ्या यंत्राने घेतली, गैरहजेरीला पगार कापायचा असं प्रशासनाने कबूल केलं. पहिले काही महिने हजेरी चांगलीच वाढली. मग 'सूट दिलेले दिवस' वाढू लागले: बैठक होती, सर्वेक्षण होतं, वगैरे. ही सूट स्थानिक प्रशासनच देत होतं. सोळा महिन्यांनंतर यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरक उरला नाही.

यंत्र चोख चालत होतं. त्याच्या मागे उभं राहणारं प्रशासन मागे हटलं. हजेरीचा प्रश्न म्हणूनच मला वरच्या पातळीचा वाटतो.

---

निशिगंध

@शंकासूर, प्रश्न रास्त आहे. कामचुकार माणसं आहेत, मी त्यांच्याबरोबर काम केलं आहे आणि त्यांचं काम माझ्या अंगावर पडलं आहे.

पण त्या ३५ टक्क्यांत कोण कोण असतं तेही बघा. कोणी औषधं आणायला जिल्ह्याला गेलेली असते, कोणी पगार काढायला. पगार घ्यायलाच दोन दिवसांचा प्रवास असेल तर महिन्यातले ते दोन दिवस केंद्र बंद. राहायला खोली नाही, रात्री एकटीने थांबायचं तर दाराला कडी नाही. मुक्कामाला कोण राहील?

---

दूरदेशी

पगारावरून आठवलं. २०१४-१६ च्या इबोलाच्या साथीत सिएरा लिओनमध्ये कर्मचाऱ्यांना जोखमीचा भत्ता रोखीने आणि उशिरा मिळायचा. संप झाले, तेही साथ ऐन भरात असताना. मग यादी नीट करून पैसे मोबाइलवर पाठवायला लागले. महिनाभराहून जास्त लागणारं काम आठवड्यावर आलं. यादी साफ करताना दोनदा लिहिलेली नावंही निघाली. वेळेवर पगार हा आरोग्यव्यवस्थेतला सर्वांत कमी चर्चा होणारा उपाय असेल.

---

शंकासूर

समजलं. मग लोकांचा अंकुश? गावाने जाब विचारायचा?

---

मोजपट्टी

यावर उत्तर सरळ नाही. युगांडात ५० केंद्रांच्या परिसरात गावकऱ्यांना आपल्या केंद्राची कामगिरी आकड्यांत दाखवली, कर्मचाऱ्यांबरोबर बसवलं, दोघांनी मिळून काय सुधारायचं ते ठरवलं. २००९ साली निष्कर्ष आले तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटलेले दिसले. जगभर गाजलं. पुढे त्याच देशात याहून मोठा प्रयोग झाला, त्यात सेवेत थोडी सुधारणा दिसली पण बालमृत्यूंवर तसा परिणाम दिसला नाही. मधल्या काळात देशातले बालमृत्यू आधीच बरेच खाली आले होते, हेही एक कारण असू शकेल.

ब्राझीलची वाट वेगळी. १९९० च्या कायद्याने प्रत्येक पातळीवर आरोग्य परिषदा केल्या आणि त्यांत निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्या नागरिकांना दिल्या. त्यांच्यासमोर अंदाजपत्रक ठेवावं लागतं. सगळीकडे त्या सारख्या जिवंत नाहीत, पण कायद्याने मिळालेली जागा आहे. प्रकल्प संपला म्हणून ती जात नाही.

---

आडवाट

इथे मला मधल्या फळीबद्दल लिहायचं आहे, कारण वरच्या बहुतेक प्रतिसादांत अडचण तिथेच येऊन ठेपते. उदयपूरचं यंत्र तिथे हरलं, निशिगंध यांचा आलेख तिथल्याच एका बाईंनी काढला.

जिल्हा आरोग्य अधिकारी कसा होतो? चांगला डॉक्टर, सेवाज्येष्ठता झाली, बढती. सोमवारपर्यंत तो रुग्ण तपासत होता, मंगळवारी त्याच्याकडे शेकडो कर्मचारी, कित्येक इमारती, गाड्या, शीतसाखळी आणि अंदाजपत्रक. यातलं काहीच त्याला कोणी शिकवलेलं नसतं. त्याचा निम्मा वेळ बैठकांत आणि वरून आलेल्या पाहुण्यांत जातो. आणि काम हाताला लागायच्या सुमारास बदली. येणारा नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून.

१९८७ मध्ये झिंबाब्वेत हरारे इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत जिल्हा हाच आरोग्यव्यवस्थेचा पाया मानावा असं ठरलं होतं. पण जिल्हा चालवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याला स्वतंत्र शिक्षण लागतं, हे फार थोड्या देशांनी मनावर घेतलं. इथिओपियाने रुग्णालयांपुरतं घेतलं: रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला आणि तो शिकलेल्यांना रुग्णालयांचे मुख्य कार्यकारी अधिकारी नेमलं. डॉक्टरच हवा अशी अट नाही. थायलंडमध्ये २००२ ची सर्वांसाठीची योजना गाजली, पण त्याआधी १९८०च्या दशकात शहरी रुग्णालयांचा बांधकामनिधी थोपवून तो जिल्हा रुग्णालयांत आणि ग्रामीण केंद्रांत घातला होता. जिल्ह्यात चालू रुग्णालय होतं म्हणून योजनेचं कार्ड दाखवायला जागा होती.

---

कोठीघर

यात उपकरणांचंही लिहा कोणीतरी. १६ देशांतल्या रुग्णालयांतली उपकरणं तपासून २०११ साली एक अभ्यास छापला गेला, त्यात ४० टक्क्यांच्या आसपास बंद होती. फ्यूज, सुटा भाग, वीजदाबातला चढउतार, नाहीतर वापरायचं कसं ते सांगायला कोणी नाही. देणगीत आलेलं यंत्र येतं तेव्हा फोटो निघतो, त्याच्या सुट्या भागांची तरतूद कुणाच्याच अंदाजपत्रकात नसते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची गाळणी वेळच्या वेळी धुवायची आणि बदलायची असते. ती धुतली नाही म्हणून यंत्र तापून बंद पडलेलं मी पाहिलं आहे, न्यूमोनियाची मुलं वॉर्डात असताना.

---

रोखठोक

मी थोडा वळतोय, पूर्ण नाही. पैसा लागेलच. पण केंद्राच्या हातात मोकळा पैसा द्यायचा म्हणता, त्याचा हिशेब कोण ठेवणार? रोख रक्कम, अधिकार आणि देखरेख नाही, याचा शेवट काय होतो ते आपल्याला माहीत आहे. पुन्हा १९८७ च्या बामाको उपक्रमाकडे जायचं का? तिथेही समित्या होत्या, औषधविक्रीचा पैसा केंद्राकडे राहायचा. पण त्यासाठी रुग्णांकडून पैसे घ्यावे लागले आणि गरिबांनी येणं सोडलं. युगांडाने २००१ मध्ये शुल्क काढलं तेव्हा गर्दी एकदम वाढली, यावरून आधी किती जण घरी बसत होते ते दिसतं.

---

दूरदेशी

शुल्काबद्दल शंभर टक्के सहमत. मोकळा पैसा रुग्णाच्या खिशातून यायला नको, सरकारकडून थेट यायला हवा.

केनियाने ते किनारी प्रांतात करून पाहिलं, साधारण २००५ पासून, मग देशभर नेलं. पैसे जिल्ह्याला वळसा घालून केंद्राच्या बँक खात्यात. खर्च गावातल्या समितीच्या मंजुरीने, किती आले आणि कशावर गेले ते केंद्राच्या फलकावर. त्या पैशांतून लोकांनी काय घेतलं ते वाचून मला फार बरं वाटलं. सफाईला माणूस, नोंदींना कारकून, पहारेकरी, फिरत्या सत्रांचा प्रवासखर्च. निशिगंध यांच्या दुपारचा प्रश्न एका कारकुनाच्या पगाराने सुटतो, आणि हे राजधानीत बसून कुणाला सुचलं नसतं.

अडचणीही आल्या. फलक अनेक ठिकाणी भरलेले नव्हते, समितीतल्या पुष्कळांना आपले अधिकार काय तेच माहीत नव्हतं.

---

रोखठोक

आणि हिशेब? परिचारिकेनेच लिहायचा? म्हणजे आणखी एक रजिस्टर.

---

निशिगंध

हेच विचारणार होते.

---

दूरदेशी

नाही, तसं केलं तर योजना तिथेच मोडेल. टांझानियाने २०१७-१८ पासून केंद्रांना थेट निधी द्यायला सुरुवात केली तेव्हा हीच अडचण समोर होती. त्यांनी केंद्रांसाठी हिशेबाची एक सोपी संगणकप्रणाली केली आणि लेखा सहायक नेमले. प्रत्येक छोट्या दवाखान्याला स्वतंत्र माणूस परवडत नाही, म्हणून मोठ्या केंद्रातला सहायक आजूबाजूच्या दवाखान्यांचेही हिशेब बघतो. धागाकर्तीने लिहिलेली रुफिजीची पर्यवेक्षणाची रचना हीच, मोठ्याने लहानांकडे बघायचं.

@रोखठोक, तुमच्या देखरेखीच्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं. पैसे कोणत्या गोष्टींवर खर्च करायचे नाहीत याची छोटी यादी वरून यावी, बाकी केंद्राने ठरवावं. सह्या दोन असाव्यात, एक केंद्रप्रमुखाची आणि एक समितीतल्या बाहेरच्या माणसाची. लेखा सहायकाचा पगार केंद्राच्या निधीतून नसावा, नाहीतर तो ज्यांचा हिशेब तपासतो त्यांच्यावरच अवलंबून राहील. आणि पहिल्या वर्षी रक्कम लहान ठेवावी, म्हणजे समितीला शिकायला वेळ मिळतो.